ग्रुनफेल्ड बचाव: समोरच्याला मध्य द्या आणि मग तो फोडा

१९२०च्या दशकापर्यंत बुद्धिबळाच्या सुरुवातीचा एकच धडा होता: प्यादी पुढे ढकला, मध्यावर बसा. निम्झोविच, रेटी, ब्रेयर या बुद्धिबळपटूंनी तो उलटवला. मध्यावर प्यादी बसवलीच पाहिजेत असं नाही, मोहऱ्यांनी लांबून ताबा ठेवला तरी चालतं आणि समोरच्याची पुढे आलेली प्यादी हेच आपलं लक्ष्य होतं, असं त्यांचं म्हणणं. या ‘हायपरमॉडर्न’ विचाराचा सगळ्यात निखळ नमुना म्हणजे काळ्या बाजूने खेळायचा ग्रुनफेल्ड बचाव. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ साली तो खेळात आणला आणि त्याच वर्षी व्हिएन्नात त्याने अलेखिनला हरवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९व्या शतकाच्या मध्यात, कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कोक्रेनविरुद्ध हीच मांडणी खेळली होती.

तुम्ही काळे आहात असं धरून चाली अशा (प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल; मोहऱ्याचं नाव नसेल तिथे प्यादं; x म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ‘१०...’ म्हणजे काळ्याची दहावी चाल): १. डी४ घोडा एफ६ २. सी४ जी६ ३. घोडा सी३ डी५. तिसरी चाल इथेच खेळायची. आधी उंट जी७ वर आणलात तर पांढरा ई४ करतो, डी५ ची वेळ निघून जाते आणि डाव किंग्ज इंडियन या दुसऱ्याच बचावाकडे वळतो. पांढऱ्याचा घोडा सी३ वर आहे ना, हेही पाहा. तो नसेल तर पुढे मारायलाच काही मिळत नाही आणि आपल्या घोड्याला बी६ वर पळावं लागतं.

पुढे ४. सीxडी५ घोडाxडी५ ५. ई४ घोडाxसी३ ६. बीxसी३ उंट जी७. पाचव्या चालीला घोडा मागे नेऊ नका, मारामारी कराच. त्यामुळे पांढऱ्याचा मध्य भरभक्कम दिसतो, पण सी३ आणि डी४ ही प्यादी तुमच्या उंटाच्या कर्णावर येतात.

आता सगळी ताकद डी४ या एका घरावर. ७. उंट सी४ सी५ ८. घोडा ई२ घोडा सी६ ९. उंट ई३ किल्लेकोट १०. किल्लेकोट. मोजा: तुमचं सी५ चं प्यादं, सी६ चा घोडा, जी७ चा उंट आणि वजीर असे चार हल्लेखोर, पांढऱ्याचेही चारच रक्षक. मग १०...उंट जी४ ने ई२ चा घोडा पिन होतो, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर मारला जातो, आणि एक रक्षक लंगडा पडतो. पांढरा ११. एफ३ खेळतो तेव्हा उंट लगेच हलवू नका; ११...घोडा ए५ ने सी४ च्या उंटावर हल्ला करा. १२. उंट डी३ सीxडी४ १३. सीxडी४ उंट ई६, आणि आता ए२ चं प्यादं निशाण्यावर. १२. उंट डी३ ऐवजी १२. उंटxएफ७+ ही चाल १९८७च्या सेव्हिल सामन्यात कार्पोव्हने कास्पारोव्हविरुद्ध वापरली होती. तिची उत्तरं आधी पाठ करून ठेवावीत.

सर्वाधिक डाव बिघडतात ते सी५ लांबवल्याने. दोन-तीन चाली ‘आधी विकास’ म्हणून घालवल्या की पांढरा सगळं सावरून घेतो आणि त्याचा मध्य खरोखरच ताकद बनतो. दुसरी चूक जी७ चा उंट सहज देऊन टाकण्याची. वरच्या ओळीत १४. डी५ उंटxए१ १५. वजीरxए१ झाल्यावर हत्ती मिळतो खरा, पण राजाभोवतीची काळी घरं उघडी पडतात, १५...एफ६ चा हिशेब जमत असेल तरच मारा. तिसरी, डी फाइलवरचं (डी या उभ्या रांगेतलं) प्यादं मोकळं सुटू देण्याची: ते डी५ वर गेलं की हत्ती डी८ वर आणून किंवा प्यादं ई६ वर सरकवून लगेच त्याला अडवा.

वजिरांच्या मारामारीला बहुतेकदा घाबरू नये. ७. घोडा एफ३ सी५ ८. उंट ई३ वजीर ए५ ९. वजीर डी२ घोडा सी६ या ओळीत तर ती अनेकदा डी२ वरच होते. एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, वजीर-बाजूला तुमची दोन प्यादी असतात, पांढऱ्याचं एक. किल्लेकोट झालेला राजा सुरक्षित असताना ए आणि बी प्यादी पुढे सरकवत राहणं हीच तिथली योजना.