ऑफिस सोडून साइटवर: पहिल्या वर्षी काय शिकायचं

बांधकाम व्यवस्थापनात शिरायचं तर आधी सिव्हिलची डिग्री घ्यावी, असं अनेकांना वाटतं. स्ट्रक्चरल डिझाइनवर सही करायची असेल तर डिग्रीला पर्याय नाही. पण घराचं काम मापात, वेळेत आणि बजेटमध्ये बसवायचं असेल तर सुरुवात साइट सुपरवायझरच्या हाताखालीच करावी. पगार आणि हुद्दा दोन्ही खाली येतील, हे धरून चाला.

ऑफिसातली एक सवय इथे लगेच उपयोगी पडते, ती म्हणजे नोंदी. आज किती गवंडी, किती बिगारी, सिमेंटच्या किती गोण्या आल्या नि किती लागल्या, आणि काम कोणत्या ड्रॉइंगवरून चाललंय. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. सुधारित ड्रॉइंग मोबाइलवर येतं, मुकादमाच्या हातात मात्र जुनंच असतं, आणि दरवाजा फूटभर सरकतो. नवीन प्रत हातात दिली की जुनी तिथेच काढून घ्यायची.

डोळा तयार करायचा तो झाकल्या जाणाऱ्या कामासाठी. स्लॅब भरला की आतलं लोखंड दिसत नाही, प्लास्टर झालं की पाइप दिसत नाही. तपासणीची वेळ त्याआधीचीच.

स्लॅबच्या आदल्या दिवशी खालून सुरुवात करा. टेकू ओळंब्यात आहेत का, त्यांच्या बुडाशी फळी आहे का, की नुसते भरावाच्या मातीवर उभे आहेत? मग वर चढा. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, साधारणपणे स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४० आणि फुटिंगला (पायाला) ५० असतं; तरी ड्रॉइंगवरचा आकडा अंतिम. बाल्कनीपाशी थांबून नीट बघा. तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण बाहेर काढलेल्या स्लॅबला ताण वरून बसतो. काँक्रीट टाकताना माणसं त्याच जाळीवरून चालतात, सळई खाली दबते आणि बाल्कनी मुळाशी तडकते. त्यासाठी खाली सळई उचलून धरणाऱ्या पुरेशा लोखंडी खुर्च्या हव्यात आणि चालायला वेगळ्या फळ्या.

भरताना वाद होतो तो पाण्यावरून. ५० किलोच्या गोणीला ०.५ पाणी-सिमेंट गुणोत्तराने २५ लिटर पाणी बसतं आणि वाळूतला ओलावाही त्यातच धरायचा. माल सरकत नाही म्हणून कुणीतरी बादली ओततोच. त्याने काम सोपं होतं आणि ताकद जाते. पातळपणा हवाच असेल तर मिक्स डिझाइनमध्ये (काँक्रीटच्या प्रमाणाच्या तक्त्यात) ठरलेलं रसायन, म्हणजे अ‍ॅडमिक्स्चर वापरतात. काँक्रीट थरथरवून बसवणारा व्हायब्रेटर उभा घालून सावकाश काढायचा. त्याने माल ढकलत नेला तर खडी एकीकडे आणि सिमेंटचं पाणी दुसरीकडे.

स्लॅबवर वाफे बांधून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी ठेवा, मिश्र (फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटला १०. साध्या सिमेंटचा साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) स्लॅब असेल तर टेकू ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्याला १४. बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. थंडीत किंवा मिश्र सिमेंटला हे दिवस वाढतात, म्हणून इंजिनिअरला विचारल्याशिवाय टेकूला हात लावू देऊ नका. सेंट्रिंगवाल्याला आपले टेकू आणि फळ्या पुढच्या साइटवर न्यायच्या असतात. त्याची घाई समजण्यासारखी आहे, मान्य करण्यासारखी नाही.

हिशेबाचं एक सूत्र पाठच करा: सळईचा मिमीमधला व्यास गुणिले व्यास, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिमीला ०.८९ किलो. बारा मीटरची सळई साधारण १०.७ किलो भरायला हवी. गाडी रिकामी होण्याआधी दोन-तीन नग वजन करून बघा.

क्रम चुकला की पैसा दोनदा जातो. प्लास्टरआधी पाइपलाइनची प्रेशर टेस्ट, फरशीआधी बाथरूममध्ये ४८ तास पाणी साठवून खालचं छत बघणं. आखणीत चारही बाजू बरोबर आल्या म्हणून समाधान मानू नका, दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर काटकोन चुकलाय, आणि ते कळतं थेट फरशी बसवताना.

पहिली नोकरी शोधताना मोठ्या टॉवरपेक्षा खोदाईला नुकतीच लागलेली एक-दोन मजली घराची साइट निवडा. टॉवरवर वर्षभर एकाच टप्प्यावर अडकून पडण्याची शक्यता जास्त. मुलाखतीत पगाराइतकंच हेही विचारा, की मोजमापाची वही कोण लिहितं. ते काम अंगावर घ्यायला सहसा कुणी तयार नसतं, तेव्हा मागितलं तर मिळतं.