म्हशीच्या दुधाच्या गावात बिनदुधाचं हॉट चॉकलेट

कोल्हापुरात राहून दूध सोडलं म्हणून सांगणं म्हणजे तालमीत जाऊन लंगोट विसरलो म्हणण्यासारखंच. जेवून झालं की गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, डोळ्यांदेखत धार काढलेलं फेसाळ दूध ग्लासभर मारायचं आणि मग घरी, हे लहानपणापासूनचं. पण तिशी ओलांडली आणि पोटानं ऐकायचं सोडलं, डॉक्टर म्हणाले लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, झेपत नाहीय, बंद करा. चहा काय, कोरा चालतो, पण थंडीत रात्री दहाला काहीतरी गरम, दाट, गोड पाहिजेच ना. दोन हिवाळे पातेली करपवून आता जे जमलंय ते लिहितोय.

"दुधाशिवाय कसलं आलंय हॉट चॉकलेट" असं घरात प्रत्येकानं विचारून झालंय. पण चॉकलेट मूळचं पाण्यातलंच आहे. मेक्सिकोकडचे माया, ॲझटेक लोक कोको वाटून पाण्यात घुसळून प्यायचे, मिरची घालून, त्यांच्याकडे गाई-म्हशी नव्हत्याच, दूध-साखर नंतर युरोपातल्या लोकांनी घातली. मिरचीचं ऐकल्यावर आमच्या घरातला विरोध जरा मावळला.

आता दूध कशाचं. ओट्सचं गरम केलं की बुळबुळीत होतं, पेज प्यायल्यासारखं. नारळाचं छान लागतं पण उकळी आली की फुटतं, सोलकढीवाल्यांना ते सांगायला नको. शेंगदाण्याचं स्वस्तात मस्त होतं, फक्त दाणे हलके भाजून, सालं काढून, भिजवून, वाटून फडक्यातून गाळायला लागतात आणि दाण्याचा वास राहतोच, आवडला तर उत्तम. माझं मत काजूला. पॅकेटातली बदाम दुधं महाग, आणि मागची बारीक अक्षरं वाचली की कळतं पाणीच जास्त आहे. आपल्याच जिल्ह्यात चंदगड-आजऱ्याला काजू पिकत असताना ते कशाला. तुकडा काजू घ्या, वाटायचाच आहे तर अख्ख्याचे पैसे कशाला घालवायचे.

पण काजू जवळचा म्हणजे आपोआप चांगला असं पण नाही. तिकडच्या एका युनिटमध्ये गेलो होतो तेव्हा एक मावशी काजू फोडत होत्या, मी बोटांकडे बघतोय म्हटल्यावर त्यांनी हात पदराखाली घेतला. टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटांची टोकं काळी पडलेली, नखाच्या कडेनं सालपटं निघालेली, आणि हातमोजे? "होते की, फाटले." तेव्हापासून जिथं जाऊन बघता येतं तिथूनच घेतो, आणि मोजे देता का हे तोंडावर विचारतो. जरा वाईट दिसतं, पण विचारतो.

गूळ आपलाच, त्यात वाद नाही. फक्त पिवळाधमक घेऊ नका, रंग उजळ यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाची केमिकल पावडर मारतात. काळसर तांबूस बघून घ्या, शक्यतो ओळखीच्या गुऱ्हाळावरनं, चॉकलेटात काळाच गूळ भारी लागतो.

राहिला कोको, आणि खरी चौकशी इथंच करायची, कारण काजू-गुळाच्या ठिकाणी आपण गाडी काढून जाऊ शकतो, कोकोच्या नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतनं येतो, आणि तिथं कोकोच्या कामात साधारण १५ लाख ६० हजार पोरं असल्याचा अंदाज शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क संस्थेनं २०२० मध्ये दिलाय. त्यामुळं डब्यावर नुसतं "प्रीमियम" लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. फेअरट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्यांचा, शिक्का बघा, नाहीतर सरळ दक्षिणेतला कोको घ्या, केरळ, आंध्र, तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडं नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून होतो. कॅम्पको ही सुपारी-कोको शेतकऱ्यांची सहकारी संस्था, १९७३ ला मंगळुरात सुरू झाली, पुत्तूरला त्यांचा चॉकलेटचा कारखाना आहे. सहकारी कारखाना म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, चांगलं वाईट दोन्ही.

आणि डब्यावर "ड्रिंकिंग चॉकलेट" नको, "कोको पावडर" पाहिजे. पहिल्यात बहुतेकदा निम्मी तरी साखरच असते, कधी कधी दूध पावडर पण. हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, दूध शाकाहारीच धरतात त्यामुळं ठिपका हिरवाच राहतो. ॲलर्जीची ओळ वाचा, दूध असलं तर तिथं कळतं.

आता करायचं कसं, दोन मोठे कप धरून. पन्नास ग्रॅम काजू तुकडा चार तास भिजत घाला, विसरलात तर कडकडीत गरम पाण्यात अर्धा तास. पाणी फेकून द्या, मग अर्धा कपच ताजं पाणी घालून मिक्सरला लावा. सगळं पाणी एकदम ओतलं की काजू पात्याखाली नाचत बसतो आणि कणी राहते, मी पहिल्या वेळी हेच केलं आणि अख्खा कप चावून प्यायलो. दोन बोटांत घेऊन चोळलं की गंधासारखं लागलं पाहिजे, मग वरून दीड कप पाणी. गाळायची गरज नाही.

पातेल्यात अर्धा कप पाणी, तीन चमचे किसलेला गूळ, विरघळला की गाळून घ्या कारण गुळात चिपाडाचा एखादा तुकडा निघतोच. परत बारीक गॅसवर ठेवा, दोन मोठे चमचे कोको, चिमूटभर मीठ. कोको थेट दुधात टाकला की गुठळ्या तरंगतात, म्हणून आधी या पाकात घोटायचा, चकचकीत दिसायला लागला आणि वास बदलला की झालं. मीठ वगळू नका, गूळ-कोको दोन्हीचा कडवटपणा त्यानं दबतो. मग काजूचं दूध थोडं थोडं ओतत हलवत राहायचं. काजूत स्टार्च असतो त्यामुळं गरम होईल तसं ते आपसूक दाट होतं, कॉर्नफ्लोअर लागत नाही, पण तळाला पण तेवढंच पटकन धरतं, सोडून फोन बघायला गेलात की संपलं. कडेनं बुडबुडे यायला लागले की गॅस बंद, खळाखळा उकळायचं नाही.

फेसासाठी मशीन नको, ताकाची रवी घ्या. मेक्सिकोत पण याच कामाला लाकडी घुसळणी असते, दोन तळहातांत धरून फिरवायची. एक मिनिट घुसळा, कट्ट्यावरच्या दुधासारखा फेस येतो, जवळजवळ.

वरून जायफळ किसा, किंवा संकेश्वरी मिरचीची पूड, चिमटीच्या टोकावर येईल तेवढीच. डबा मात्र उघडून वास घ्या. माझ्या भावानं अंधारात कांदा-लसूण चटणी घातली होती, आणि वर म्हणतोय, "नाद खुळा लागतंय की!" बाकी कुणाला प्यायला झालं नाही.

उरलं तर फ्रीजला ठेवा, सकाळी खिरीसारखं घट्ट होतं. गरम करताना पाणी घालायला लागतं, म्हणजे उरलं तर, कारण आई सकाळी ते गारच चमच्यानं खाऊन टाकते, आणि तिला दूध चालतं.