हंबकरचा आवाज दबलेला येतोय? आधी व्हॉल्यूम पॉट मोजा (माझा अनुभव)

दोन हंबकरची (म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या, दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार. व्हॉल्यूम, टोन दोन्ही दहावर, तरी आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. तारा बदलल्या, पिकअप वर घेतले, टोनचा कपॅसिटर ०.०४७ऐवजी ०.०२२ मायक्रोफॅरडचा लावला. टोन पूर्ण उघडा असताना त्याने फारसा फरक पडतच नाही. जाम वैताग आला होता.

दोष व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या, फिरवून रोध बदलणाऱ्या भागाच्या) ओहममध्ये होता. मोजण्याआधी पिकअपकडून येणारी तार डीसोल्डर करा, नाहीतर मल्टिमीटर पिकअपचेच आठेक किलोओहम दाखवतो. मग पॉटच्या टोकांच्या दोन पायांवर मोजा. माझा ‘बी २५०के’ (२५० किलोओहमचा) प्रत्यक्षात २१२ भरला. ओहम कमी, तितका पिकअपवर भार जास्त आणि वरची धार बोथट. सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपला २५०के शोभतो, हंबकरला ५००के हवा.

नवा ‘ए ५००के’ घ्या. ए म्हणजे ऑडिओ टेपर (नॉब फिरवताना आवाज कानाला सारखा वाढतो), बी म्हणजे लिनिअर (रोध सरळ प्रमाणात बदलतो). २० टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे ४००चाही निघू शकतो. दुकानात मीटर न्याच.

जुन्या जोडणीचा फोटो काढा. गिटारमधलं पॉटचं भोक ८ मिमी असेल आणि नवा पॉट मोठा असेल तर रीमरने (भोक रुंद करायच्या हत्याराने) ९.५ करा. पॉटची पाठ सँडपेपरने घासा, तरच सोल्डर धरतं. पिकअप निवडायच्या स्विचची तार टोकाच्या पायाला, जॅकची मधल्याला, उरलेला पाय वाकवून पाठीला अर्थ. फोटोतल्या बाजू उलटू नका, नॉब उलटा चालेल.

टोन पॉटही ५००केचा केला, तेव्हा आवाज आणखी थोडा मोकळा झाला.