न दिसणाऱ्या, कमी दिसणाऱ्या माणसासाठी लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

"दादा, सोळा जीबी रॅमवाला बघितलाय, मागवू का?" असा मेसेज आला की मी उलट एकच विचारतो, वापरणाऱ्याने तो कीबोर्ड हाताळलाय का? तर म्हणे नाही, सरप्राइज आहे. अरे, सरप्राइज म्हणून घड्याळ द्या ना!

हा शहाणपणा मला फटका खाऊन आलाय. माझ्या मावसभावाला अजिबात दिसत नाही, तो एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर सॉफ्टवेअरवर, काम करतो आणि वर्षानुवर्षं त्याचा हात नमपॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं) बसलेला, म्हणजे ७-८-९ ने ओळी, ४-५-६ ने शब्द, १-२-३ ने अक्षरं ऐकायची. मी त्याला एकदम सडपातळ लॅपटॉप आणून दिला. नमपॅड नाही, इन्सर्ट नाही, होम-एंड एफएन दाबून, वर-खालीचे बाण तर नखाएवढे. मी ऐटीत एनव्हीडीएत लॅपटॉप लेआउट लावलं, इन्सर्टचं काम (एनव्हीडीएचे हुकूम त्याच बटणासोबत द्यायचे असतात) कॅप्स लॉकला दिलं, म्हटलं झालं, चार दिवसांत सवय होईल. तीन आठवड्यांनी बघतो तर गडी परत त्याच जुन्या घरघरणाऱ्या मशीनवर! शेवटी यूएसबीचा सुटा नमपॅड जोडून दिला तेव्हा गाडी रुळावर आली, फक्त आता बॅगेत दोन वस्तू आणि ज्या हलकेपणासाठी तो घेतला होता तो गेला.

तेव्हापासून पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, कॉपी ठेवतो (फुकट आहे, कारणं सांगू नका), डेमो मशीनला लावतो आणि वापरणाऱ्यालाच दहा मिनिटं बसवतो, मी मधे बोलत नाही. एफ आणि जे वरचे उंचवटे बोटाला लागतात का, पॉवरचं बटण डिलीटला चिकटून आहे का, हे फोटो बघून कळत नाही. विंडोज एस मोडमधे असेल तर ही कॉपी चालणारच नाही, तिथे फक्त स्टोअरमधली ॲप्स चालतात. एस मोडमधून फुकट बाहेर पडता येतं, परत आत जाता येत नाही, पण जायचंय कुणाला!

कमी दिसतं म्हणून फोरके स्क्रीन (फुल एचडीच्या चौपट ठिपके) घेणारे वेगळेच. १५ इंचावर फोरके म्हणजे अक्षरं मुंगीएवढी, मग स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवणं, ३०० टक्के करायचं, आणि तेव्हा स्क्रीनवर मावतं तेवढंच जेवढं फुल एचडीवर १५० टक्क्यांना मावतं. अक्षरं रेखीव दिसतात, मान्य, पण त्याआधी मॅट स्क्रीन बघा, चकचकीत काचेत मागची ट्यूबलाइटच वाचत बसावी लागते.

क्रोमबुकवर एनव्हीडीए चालत नाही, त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर क्रोमव्हॉक्स नव्याने शिकावा लागतो. मॅकचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर उत्तम, पण सगळे शॉर्टकट वेगळे. २०२४ पासूनच्या बऱ्याच मॉडेलांत उजव्या कंट्रोलच्या किंवा मेन्यू कीच्या (राइट-क्लिकचा मेन्यू उघडणारी) जागी मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं, कोपायलटचं, बटण आलंय. मेन्यूसाठी शिफ्ट एफ१० चालतं, पण आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री अकराला फोन येतो.

आणि हेडफोनचं भोक असलेलाच घ्या. ब्लूटूथवर बऱ्याचदा प्रत्येक वाक्याचा पहिला तुकडा गिळला जातो, आणि स्क्रीन रीडरवाल्याला नेमका तोच हवा असतो.