मुरुमांचे डाग स्वस्तातल्या कन्सीलरने कसे झाकावेत

मुरुम बसतो, डाग मात्र मागे राहतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर तर तो महिनोन्‌महिने रेंगाळतो, कारण जिथे सूज येते तिथे त्वचा जास्त मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार करते. असा डाग झाकायला महागडंच कन्सीलर (डाग झाकणारं त्वचेच्या रंगाचं दाट क्रीम) लागतं, हा समज खोटा आहे. दोनशे ते पाचशे रुपयांतली ट्यूब हे काम नीट करते, आणि शेड चुकली तर हजारांची ट्यूबही करत नाही. तेव्हा पैसे वाचवा आणि वेळ द्या. सगळ्यात जास्त वेळ शेड निवडायला द्या.

आधी डाग नीट पाहा

खिडकीपाशी उभं राहून दिवसाच्या उजेडात आरशात पाहा. डाग तपकिरी-काळसर आहे, लालसर आहे की तिथे खड्डा पडलाय? पहिले दोन रंगाचे प्रश्न आहेत, ते कन्सीलर सोडवतं. खड्डा हा खोलीचा प्रश्न आहे. त्यात जाड थर भरला तर बाजूने उजेड पडताच तो उलट उठून दिसतो, म्हणून तिथे अगदी पातळ हात फिरवायचा. फुटलेल्या, ओल्या पुळीवर काहीच लावू नका.

शेड निवडणं

बहुतेक जणी दुकानात मनगटावर टेस्टर लावून पाहतात. मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच सारखा असतो. जबड्याच्या कडेला, गालाच्या खाली, जवळपासच्या तीन शेडच्या बारीक रेघा ओढा. टेस्टरची कांडी सगळ्यांच्या चेहऱ्याला लागलेली असते; स्वच्छ इअरबडवर थोडं घेऊन तेच लावा. मग दुकानाबाहेर या आणि १० ते १५ मिनिटं थांबा. बरीच कन्सीलर वाळल्यावर, चेहऱ्याच्या तेलात मिसळल्यावर थोडी गडद होतात, आणि ते पिवळ्या दिव्याखाली कळत नाही. बाहेरच्या उजेडात जी रेघ शोधावी लागते, ती तुमची शेड.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. डोळ्यांखाली एक शेड उजळ चालते, डागावर चालत नाही. तपकिरी डागावर उजळ कन्सीलर लावलं की तो राखाडी दिसतो आणि आणखी नजरेत भरतो. काउंटरवरून ‘थोडी उजळ घ्या, छान दिसेल’ असं सुचवलं जाईल, ऐकू नका. तुमचा वर्ण आहे तसाच जुळवायचा आहे. त्वचेची झाक पिवळसर असेल तर गुलाबी छटेची शेड वेगळी उठून दिसते, हेही तपासा. एकही शेड बरोबर जुळली नाही तर जवळच्या दोन घेऊन मिसळा. स्वस्त ट्यूबचा हा मोठा फायदा आहे, आणि उन्हाळ्यात चेहरा रापला तर प्रमाण बदलता येतं.

स्विस ब्युटी, मार्स, इनसाइट, लॅक्मे, मेबेलिन यांपैकी जे हाती येईल त्यात शेड जुळते का, एवढंच आधी बघा. नंतर वेष्टन वाचा: उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची शेवटची तारीख असायलाच हवी. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं असेल तर उत्तम. नामांकित ब्रँडची ट्यूब फारच कमी किमतीत मिळत असेल आणि छपाई पुसट असेल, तर ती चेहऱ्याला लावू नका.

दोन दिवस थांबा

कानामागे थोडं लावून दोन दिवस पाहा. खाज, लाली आली नाही तर चेहऱ्यावर घ्या. छिद्रं बुजून येणारे नवे मुरुम मात्र लगेच दिसत नाहीत, त्याला काही आठवडे लागतात. म्हणून त्या काळात दुसरं कुठलंही नवं प्रसाधन सुरू करू नका, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

लावण्याची पद्धत

चेहरा धुवा, हलकं मॉइश्चरायझर लावा, मग किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. ते त्वचेत बसायला पाच-दहा मिनिटं द्या. ओल्या सनस्क्रीनवर कन्सीलर घसरतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. फाउंडेशन लावणार असाल तर ते आधी, कन्सीलर नंतर. उलट केलंत तर झाकलेला डाग फाउंडेशनच्या हाताने पुसला जातो.

डाग खूप गडद असेल तर कन्सीलरच्या खाली करेक्टरचा, म्हणजे डागाचा रंग मारणाऱ्या रंगीत क्रीमचा, ठिपका हवा: काळसर-तपकिरी डागाला पीच किंवा नारिंगी, लालसर डागाला फिकट हिरवा. सावळ्या वर्णाला पीचपेक्षा नारिंगी जास्त उपयोगी पडतो. करेक्टर फक्त डागावर, डागाच्या बाहेर जराही नको.

आता कन्सीलर. ट्यूबची कांडी थेट डागावर टेकवू नका, नाहीतर मुरुमावरचे जंतू ट्यूबमध्ये जातात. स्वच्छ हाताच्या पाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढं काढा; चार-पाच डागांना तेवढं पुरतं. बारीक टोकाच्या ब्रशने डागाच्या मधोमध ठिपका ठेवा आणि साधारण अर्धा ते एक मिनिट हात लावू नका. या वेळात त्यातला ओलावा उडतो, ते घट्ट होतं आणि जास्त झाकतं. त्यानंतर करंगळीशेजारच्या बोटाने फक्त कडा थोपटा. मधला भाग तसाच राहू द्या. चोळलंत की सगळं बाजूला सरकतं आणि डाग पुन्हा वर येतो. अजून दिसत असेल तर दुसरा पातळ थर द्या, पहिला जाड करू नका.

शेवटी पफवर किंचित पावडर घेऊन दाबा, घासू नका. कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भातल्या हिवाळ्यात, पावडर अगदी कमी ठेवा, नाहीतर कन्सीलरला भेगा पडतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत ती थोडी जास्त लागते. लोकलमध्ये घाम आला तर रुमालाने पुसू नका, टिश्यू दाबून टिपा.

रात्री उतरवा

कितीही दमला असलात तरी कन्सीलर लावून झोपू नका. कापसावर मायसेलर वॉटर (मेकअप उतरवायचं पाण्यासारखं द्रावण) घेऊन ते डागावर थोडा वेळ टेकवून धरा, हलकेच पुसा आणि मग सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. स्क्रब नको, लिंबू किंवा टूथपेस्ट तर मुळीच नको; त्वचा चिडली की डाग आणखी गडद होतो. उजळपणासाठी मिळणारी स्टेरॉइडची मलमंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, त्यांनी मुरुम वाढतात. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हे कमी खर्चात होतं. ब्रश आणि पफ आठवड्यातून एकदा शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा.

सनस्क्रीन दिवसा नियमित लावत राहिलात, घरी असतानाही, तर डाग हळूहळू फिके होतात. लोहाच्या ऑक्साइडमुळे रंग आलेलं टिंटेड सनस्क्रीन मिळालं तर तेच घ्या, कारण ते दृश्य प्रकाशही अडवतं आणि सावळ्या त्वचेवर डाग गडद होण्यात त्या प्रकाशाचाही वाटा असतो. डाग फिका होऊ लागला की आधी करेक्टर बंद करा, मग दुसरा थर. पुढे टिंटेड सनस्क्रीनखालीच डाग लपायला लागला, तर त्या जागी कन्सीलर लावायची गरज नाही.