मोबाइल ॲपमध्ये क्रेडिट कार्डने पैसे घेताना: हिशेब सर्व्हरवर ठेवा

कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी आपण ॲपमधून नेमके काय विकणार आहोत हे ठरवून घ्यावे. ई-पुस्तके, अभ्यासक्रमाचे व्हिडिओ किंवा खेळातील नाणी अशा डिजिटल गोष्टी विकायच्या असतील, तर ॲपल आणि गूगल यांचे स्वतःच्या बिलिंग व्यवस्थेबाबतचे नियम व कमिशन आड येतात, आणि ते न वाचता ॲप पाठवल्यास ते नाकारले जाण्याची शक्यता मोठी असते. घरपोच मिळणारी वस्तू किंवा प्रत्यक्ष सेवा विकायची असेल, तर मात्र रेझरपे, पेयू, कॅशफ्री यांसारख्या पेमेंट गेटवेमार्फत, म्हणजे ग्राहकाचे पैसे आपल्या खात्यापर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थ सेवेमार्फत, थेट कार्डने पैसे घेता येतात. येथे या दुसऱ्या प्रकाराचाच विचार केला असून, उदाहरणासाठी हापूसच्या पेट्या घरपोच देणारे एक ॲप डोळ्यांसमोर ठेवू.

गेटवेकडे खाते उघडताना व्यवसायाची कागदपत्रे, पॅन आणि बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो, तसेच अटी आणि परताव्याचे धोरण ग्राहकाला दिसेल असे प्रसिद्ध करावे लागते. शुल्काचा हिशेब त्याच वेळी करून ठेवावा. दर दोन टक्के धरला, तर २,४०० रुपयांच्या पेटीमागे ४८ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८ रुपये ६४ पैसे जातात. हंगामाच्या शेवटी भाव उतरतात तेव्हा ही रक्कम चांगलीच जाणवते.

कार्डाचा क्रमांक आपल्या ॲपने किंवा सर्व्हरने कधीही हाताळू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला किंवा गेटवेला कार्डाचा तपशील साठवून ठेवता येत नाही. ओळखीपुरते शेवटचे चार अंक आणि कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव एवढेच ठेवता येते. ग्राहकाला पुढच्या वेळी क्रमांक पुन्हा टंकावा लागू नये म्हणून गेटवेमार्फत टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा पर्यायी संकेत, तयार करता येते, पण त्यासाठी त्याची स्पष्ट संमती हवी. ‘कार्ड जतन करा’ या चौकोनात आधीच खूण करून ठेवणे नियमबाह्य आहे. स्वतःचा सुबक कार्ड-फॉर्म बांधण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु त्याबरोबर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकांचे मोठे ओझे अंगावर येते, म्हणून छोट्या संघाने गेटवेच्या एसडीकेतला (ॲपमध्ये जोडायच्या तयार कोड-संचातला) तयार फॉर्मच वापरावा असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष जोडणी. ग्राहकाने ‘पैसे भरा’ दाबल्यावर ॲपने फक्त कोणत्या पेट्या किती हव्यात एवढेच सर्व्हरला कळवावे, आणि किंमत सर्व्हरने आपल्या डेटाबेसमधून काढावी. ॲपने पाठवलेल्या रकमेवर विश्वास ठेवला, तर कोणीतरी एक दिवस एका रुपयात पेटी घेऊन जाईल. मग सर्व्हर गेटवेकडे ऑर्डर तयार करतो. रेझरपेसारख्या गेटवेत ही रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये द्यायची असते, म्हणजे २,४०० रुपयांसाठी २,४०,००० हा पूर्णांक. मिळालेला ऑर्डर क्रमांक ॲपकडे जातो, ॲप एसडीके उघडते आणि ग्राहक कार्डाचा तपशील भरतो. गेटवेने आपल्याला दिलेली गुप्त की (पासवर्डसारखा संकेत) सर्व्हरवरच राहते, कारण ॲपच्या फायलीत ठेवलेली कोणतीही गोष्ट उकलून वाचता येते. पैसे भरले गेल्यावर एसडीके पेमेंट क्रमांक आणि सही (उत्तर खरोखर गेटवेकडूनच आल्याची खूण पटवणारा संकेत) परत देते. रेझरपेत ही सही ऑर्डर क्रमांक व पेमेंट क्रमांक यांच्यावरून गुप्त कीच्या साहाय्याने पुन्हा काढून सर्व्हरने ताडून पाहायची असते.

खरी अडचण ओटीपीच्या पायरीवर येते. एसएमएस आला की ग्राहक आपले ॲप सोडून संदेश वाचायला जातो, किंवा बँकेच्या ॲपमध्ये मंजुरी द्यायला जातो, आणि कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनवर तेवढ्यात आपले ॲप बंदही पडते. परत आल्यावर त्याला पहिलीच स्क्रीन दिसते; तिकडे त्याच्या कार्डावर मात्र रक्कम लागलेली असते. म्हणून एसडीके उघडण्यापूर्वीच ऑर्डर क्रमांक फोनमध्ये जतन करावा, ॲप पुन्हा सुरू होताच त्याची स्थिती सर्व्हरला विचारावी, आणि निकाल कळेपर्यंत ‘पैसे भरल्याची खात्री करत आहोत’ असा संदेश दाखवून पुन्हा पैसे भरण्याचे बटण लपवावे.

सर्व्हरला हा निकाल वेबहुकमुळे कळतो. गेटवे स्वतःहून पाठवत असलेल्या या सूचनेची सही मूळ मजकुरावरच तपासावी, कारण जेसन (सूचना ज्या मांडणीत येते तो मजकूर) उलगडून पुन्हा जुळवल्यास एखाद्या मोकळ्या जागेनेही सही चुकते. एकच सूचना दोनदा येऊ शकते, म्हणून तिचा क्रमांक नोंदवून ठेवावा, नाहीतर एका पेमेंटवर दोन पेट्या रवाना होतील. पेटी पाठवण्याचा निर्णय ॲपवरच्या हिरव्या खुणेवरून घेऊ नये. सर्व्हरवर पेमेंट ‘कॅप्चर’ झाल्याची, म्हणजे रक्कम आपल्यासाठी पक्की झाल्याची, नोंद झाल्यावरच तो घ्यावा. नुसते ‘ऑथराइज्ड’, म्हणजे बँकेने मंजूर केलेले, पेमेंट ठरलेल्या मुदतीत कॅप्चर केले नाही, तर ती रक्कम ग्राहकाकडे परत जाते.

परतावा मूळ कार्डावरच द्यावा, आणि पेटी पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. ग्राहकाने बँकेकडे तक्रार केल्यास तोच आपल्या बाजूने उभा राहतो.

चाचणी-कीवर (खरे पैसे न जाता सराव करण्याच्या कीवर) यशस्वी पेमेंट एकदा करून पाहणे पुरेसे नाही. चुकीचा ओटीपी द्यावा, ओटीपीच्या स्क्रीनवर असताना ॲप सक्तीने बंद करावे, बँकेच्या पानावर इंटरनेट तोडावे, तीच वेबहुक सूचना दोनदा पाठवावी, आणि दर वेळी डेटाबेसमधली नोंद गेटवेच्या डॅशबोर्डशी ताडून पाहावी. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्यानंतरच खऱ्या व्यवहारांची लाइव्ह की सर्व्हरवर बसवावी.