अंदमानखालचा समुद्रतळ घरबसल्या कसा वाचायचा

अंदमानच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या छोट्या बर्मा भूपट्टाखाली सरकतो आहे. अशा पट्ट्याला सबडक्शन झोन म्हणतात. बेटं कुठे उगवली, भूकंप किती खोलवर होतात, ज्वालामुखी कुठे पेटतो आणि कोणत्या किनाऱ्यावरचं प्रवाळ मरतं, हे सगळं त्या सरकण्याने ठरतं. ही रचना स्वतः कागदावर काढता येते. त्यासाठी हवेत आलेखाचे ए-४ कागद, पट्टी, दोन रंगांच्या पेन्सिली, गूगल अर्थ आणि यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेची मोफत भूकंपसूची. एक निवांत दुपार पुरते.

समुद्रतळाची रेघ

१२.२८ उत्तर अक्षांशावर ९१ ते ९५.५ पूर्व रेखांश अशी आडवी रेघ ठरवा. ती मध्य अंदमान ओलांडून थेट बॅरन या ज्वालामुखी बेटावरून जाते. या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०९ किलोमीटर. कागद आडवा धरून १ सेंटिमीटरला २० किलोमीटर हे प्रमाण घेतलं, तर पूर्ण रेघ साधारण साडेचोवीस सेंटिमीटरमध्ये बसते.

आता गूगल अर्थमध्ये या रेघेवर दर ०.२ अंशावर कर्सर ठेवून खाली दिसणारी खोली टिपा आणि कागदाच्या वरच्या भागात १ सेंटिमीटरला १ किलोमीटर या प्रमाणाने मांडा. इथे उभं प्रमाण आडव्याच्या वीसपट फुगलेलं आहे हे लक्षात असू द्या, नाहीतर साधे उतारही कड्यासारखे वाटतात.

पहिली अडचण इथेच येते. पुस्तकातल्या आकृतीत भूपट्ट जिथे वाकून खाली जातो तिथे खोल सागरी गर्ता दाखवलेली असते. जावाच्या दक्षिणेला ती खरोखरच सात किलोमीटरपेक्षा खोल आहे. अंदमानपाशी मात्र फक्त एक उथळ वाकण दिसतं, खोली तीन किलोमीटरच्या आसपास. गंगा-ब्रह्मपुत्रेने लाखो वर्षं आणलेल्या गाळाने इथली गर्ता बुजवली आहे. त्यामुळे सर्वांत खोल बिंदू शोधण्याऐवजी सपाट तळ संपून चढ कुठे सुरू होतो ते पाहा. आपल्या रेघेवर ती जागा ९१.५ ते ९२ अंशांच्या दरम्यान सापडेल.

तिथून बेटांपर्यंतचा चढ म्हणजे खरवडून काढलेला गाळ. खाली जाणाऱ्या भूपट्टावरचा गाळ वरच्या भूपट्टाच्या कडेला अडतो, घड्या पडत साचतो आणि त्याचा कणा समुद्राबाहेर डोकावतो. अंदमान-निकोबारची मुख्य बेटं म्हणजे हा कणा. ती ज्वालामुखीतून झाली, असा समज फार आढळतो आणि तो चुकीचा आहे. अंदमानातल्या बाराटांग बेटावर पर्यटकांना दाखवतात तो चिखली ज्वालामुखीही लाव्ह्याचा नाही. दाबल्या गेलेल्या गाळातलं पाणी आणि वायू चिखल घेऊन वर येतात.

नकाशावर समुद्रतळात सरळ, धारदार पट्टे दिसले तर त्यांना भ्रंश, म्हणजे खडक सरकलेल्या भेगा, समजू नका. जहाजाने सोनारने मोजलेल्या त्या वाटा आहेत. मधल्या जागेची खोली बहुतांशी उपग्रहाच्या गुरुत्व-मोजणीवरून अंदाजलेली असते, म्हणून तिथे तपशील पुसट असतो.

भूकंपांचा छेद

यूएसजीएसच्या शोधपानावर ११.५ ते १३ उत्तर आणि ९१ ते ९५.५ पूर्व अशी चौकट द्या. काळ १९७३ पासून आजपर्यंत, किमान तीव्रता ४.५. त्याखालचे धक्के या भागात पूर्णपणे नोंदले जात नाहीत आणि त्यांच्या खोलीवरही फारसा भरवसा ठेवता येत नाही. यादी सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या) स्वरूपात उतरवून घ्या.

मांडण्याआधी खोलीच्या रकान्यात ज्या ओळींवर नेमके १०, ३३ किंवा ३५ किलोमीटर लिहिलं आहे त्या वेगळ्या करा. खोली काढता आली नाही की हे आकडे ठरवून भरले जातात. त्या तशाच मांडल्या तर आलेखात आडव्या रांगा उमटतात आणि तिथे एखादा थर असावा असं वाटतं. नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच असते.

उरलेले धक्के समुद्रतळाच्या रेघेखाली मांडा. आडवा अक्ष रेखांशाचा, उभा खोलीचा. इथे मात्र दोन्हीकडे १ सेंटिमीटरला २० किलोमीटर हेच प्रमाण हवं, नाहीतर उतार खोटा येईल. ठिपके पश्चिमेला उथळ सुरू होऊन पूर्वेकडे खोल जात जातील, बेटं ओलांडल्यावर शंभर किलोमीटरच्या आसपास आणि त्याहूनही खाली. वदाती-बेनिऑफ पट्टा म्हणतात तो हाच: बुडत्या भूपट्टाची सावली.

पूर्वेला ९४ अंशांच्या पुढे काही उथळ ठिपके या उतारापासून सुटे दिसतील. ते दुसऱ्या रंगाने करा. अंदमान समुद्राचा तळ तिथे फाटून रुंदावतो आहे; त्या भूकंपांचा बुडत्या भूपट्टाशी थेट संबंध नाही.

आता ९३.८६ अंशावर बॅरन बेटाची खूण करा. चढ सुरू होतो तिथपासून हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरेल. भूपट्ट साधारण शंभर किलोमीटर खोल गेला की त्यातलं पाणी पिळून निघतं, त्याने वरच्या प्रावरणाचा (कवचाखालच्या खडकाच्या थराचा) वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी नेमका तिथेच असण्याचं कारण हे आहे.

कोणता किनारा उचलला, कोणता खचला

दोन भूपट्ट दोन धक्क्यांमधल्या काळात एकमेकांत अडकलेले असतात. तेव्हा वरच्या भूपट्टाची गर्तेकडची कड खाली ओढली जाते आणि मागचा भाग हळूहळू फुगतो. अडक सुटली की उलटं होतं. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळ सुरू झालेला ९.१ तीव्रतेचा भूकंप उत्तरेकडे सुमारे १३०० किलोमीटर फाटत गेला. गर्तेच्या जवळचा उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर किंवा त्याहून अधिक वर आला. पोर्ट ब्लेअर, आताचं श्रीविजयपुरम, सुमारे मीटरभर खचलं. ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खाली गेलं आणि दीपस्तंभाचा पाया पाण्यात आला.

किनाऱ्यावर हे वाचायचं ते पोराइटीस जातीच्या गोल प्रवाळांवरून. ओहोटीच्या सर्वांत खालच्या पातळीवर प्रवाळाचा माथा उघडा पडून मरतो, पण कडा वाढत राहतात, म्हणून त्याचा आकार सपाट तबकासारखा होतो. जमीन उचलली गेली की तबक अख्खं मरतं. अशा वेळी जुना मेलेला माथा आणि त्याच खडकावर आज जिवंत असलेल्या प्रवाळाचा माथा यांच्या उंचीतला फरक मोजा. तेवढी जमीन वर आली. जमीन खचली असेल तर कड वरच्या दिशेने वाढून तबकाची परात झालेली दिसते. फरक काही सेंटिमीटरचाच असेल तर निष्कर्ष काढू नका. समुद्रपातळी एखाद्या वर्षी नुसती उतरली तरी माथे मरतात. प्रवाळ तोडणं आणि उचलणं कायद्याने गुन्हा आहे. मोजा आणि जागीच सोडा.

खारफुटीचं मरण दोन्हीकडून येतं. जमीन उचलली तर भरती पोहोचत नाही, खचली तर श्वसनमुळं कायमची बुडतात. निकोबारमध्ये दुसरा प्रकार घडला. वाळूत ढिगारा रचून अंडी घालणाऱ्या निकोबारी मेगापोड पक्ष्यांची किनाऱ्यालगतची घरटीही त्या भूकंपाच्या त्सुनामी लाटेने आणि खचण्याने गेली.

लाटेला किती वेळ लागेल

खोली मीटरमध्ये घ्या, तिला ९.८ ने गुणा, वर्गमूळ काढा: त्सुनामी लाटेचा वेग मीटर प्रति सेकंद मिळतो. ४००० मीटर खोल पाण्यात ताशी सुमारे ७१० किलोमीटर, ५० मीटरमध्ये ताशी ८०. गर्तेजवळच्या बेटावर म्हणूनच जेमतेम काही मिनिटं असतात. तिथे उभं राहता येऊ नये इतका किंवा बराच वेळ चालणारा धक्का हीच सूचना, सायरनची वाट पाहायची नाही. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या शब्दात जपली होती. २००४ मध्ये लोक धक्का बसताच डोंगरावर गेले आणि सुमारे ७८,००० वस्तीत फक्त सात माणसं दगावली.

समुद्र ओसरला तरच लाट येते, यावर विसंबू नका. २००४ मध्ये थायलंडकडे आधी पाणी ओसरलं, चेन्नईकडे आधी वाढलं.

हाच हिशेब कोकणासाठीही करून पाहा. आपल्याला जवळचं सबडक्शन क्षेत्र पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचं मकरान. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे साडेतीनच्या सुमारास तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच सकाळी लाटा मुंबईला पोहोचल्या. अंतर सुमारे ११५० किलोमीटर. पहिले ८५० किलोमीटर सरासरी ३००० मीटर खोल, शेवटचे ३०० किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रबूड जमिनीवरचे, ८० मीटर खोल धरा. पहिल्या टप्प्याला दीड तासही लागत नाही, दुसऱ्याला तीन लागतात. एकूण साडेचार तासांच्या आसपास.